थोरल्या काकांची सणासुदीची पत्रं, १९७१ : तारखा लावायला आणि एका ओळीचा अर्थ लावायला मदत हवी

माडाखालची

नमस्कार मंडळी.

आमचे थोरले काका मराठा लाइट इन्फंट्रीत होते, पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत. मागच्या वर्षी ते गेले. घराची कौलं काढायची म्हणून माळा उतरवला, तेव्हा काकूंच्या ट्रंकेत त्यांच्या पत्रांची पुरचुंडी मिळाली. बरीचशी अंतर्देशीय आहेत, थोडी पोस्टकार्डं आणि मनिऑर्डरीची काही कुपनं. गाव सावंतवाडी तालुक्यातलं, त्यामुळे दमट हवेने निम्मी पत्रं एकमेकांना चिकटली आहेत. सध्या १९७१ च्या चतुर्थीपासून १९७२ च्या संक्रांतीपर्यंतची तेवढी सोडवून वाचली.

मला वाटलं होतं लढाईबद्दल काही असेल. काही नाही! सगळी पत्रं आजोबांच्या नावाने. "तीर्थरूप बाबांचे चरणी बालकाचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष" अशी सुरुवात, मग घरातल्या झाडून सगळ्यांची चौकशी, बैलासकट. काकूंच्या वाट्याला शेवटी अर्धी ओळ : "घरात आशीर्वाद सांगणे." तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

चतुर्थीच्या पत्रात विचारतात की माटवीला (गणपतीवर रानफळं-फुलं बांधतात त्या छताला) कवंडळं आणि हरणं कोण घेऊन आलं, आरतीला मृदंग कोणी धरला, आणि वरच्या वाडीतले भजनाला आले की यंदाही रुसले. दिवाळीच्या पत्रातला हा तुकडा जसाच्या तसा देते (चावदिस म्हणजे नरकचतुर्दशी) :

"चावदिसाला पहाटे उठलो. कारीट इकडे नाही. लंगरातून एक टोमॅटो मागून घेतला व दारात डाव्या अंगठ्याने फोडून गोविंदा म्हटले. लंगर कमांडर फार ओरडला. गोडे पोहे नव्हते, शिरा होता. इकडे पाऊस आपल्यासारखा आहे व डोंगरात पोफळी पुष्कळ आहेत. फणसही आहेत."

ठिकाणाचं नाव कुठेही नाही. पण काकू सांगतात, आजोबांनी पत्र वाचून लगेच ताडलं होतं : "पोफळी आणि असला पाऊस म्हणजे आसामाकडे आहे."

मग मोठा खंड. डिसेंबरमधलं काहीच नाही. त्यानंतर थेट संक्रांतीचं पत्र. त्यात नदी केवढी मोठी आहे, आपली तेरेखोलची खाडी तिच्यापुढे काहीच नाही, वगैरे आहे. आणि मध्येच ही ओळ :

"शाळेच्या मास्तरांस नमस्कार सांगावा व म्हणावे, थोडक्यात लिहीत जावे. भात किती खंडी झाले ते कळलेच नाही."

आजोबा स्वतः मोडी आणि बाळबोध दोन्ही लिहायचे, त्यांना मास्तरांची गरज नव्हती. मग हे मास्तर कशात आले? काकूंना विचारलं तर "माका काय म्हायत" म्हणून आत गेल्या.

तर प्रश्न असे : शिक्के पुसट आहेत, तारखा कशा लावायच्या? चिकटलेली पत्रं कशी सोडवायची? आणि या मास्तरांचं काय करायचं?

---

घाटावरचा

टोमॅटो! _/\_

मस्त धागा. पत्रावर पत्ता ५६ एपीओ असेल ना? म्हणजे काश्मीर. मग पोफळी कुठून आल्या?

---

निवृत्त_टपाली

घाटावरचा, ५६ एपीओ म्हणजे काश्मीर नव्हे. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, ते कुठलंच गाव नव्हे. मी टपाल खात्यातून काही वर्षं आर्मी पोस्टलला डेप्युटेशनवर होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सैनिकाचा पत्ता म्हणजे नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि "मार्फत ५६ एपीओ" किंवा "मार्फत ९९ एपीओ". ५६ ची टपाल दिल्लीच्या बेस पोस्ट ऑफिसात जमते, ९९ ची कलकत्त्याच्या. कोणती पलटण आज कुठे आहे हे तिथल्या छाननीवाल्यांना ठाऊक असतं. त्याप्रमाणे पिशव्या बांधल्या जातात आणि त्या त्या फील्ड पोस्ट ऑफिसला जातात. तिथून पलटणीचा डाकवाला पिशवी घेऊन जातो. पलटण एका ठिकाणाहून दुसरीकडे हलली तरी घरच्यांना सहसा पत्ता बदलावा लागत नाही, आणि पाकीट कोणाच्या हाती पडलं तरी पलटण कुठे आहे ते कळत नाही. शिक्क्यावरही गावाचं नाव नसतं, नुसता "एफपीओ" आणि क्रमांक.

ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे. हिंदुस्थानातून फौज इराणच्या आखातात बुशहरला गेली, तेव्हा १८५६ मध्ये तिच्यासोबत पहिलं फील्ड पोस्ट ऑफिस गेलं. १९७१ पर्यंत लष्करी टपाल आर्मी सर्व्हिस कोअरच्या पदराखाली होती. १ मार्च १९७२ ला तिची स्वतंत्र कोअर झाली. प्रशिक्षण केंद्र आपल्या नागपूरजवळ कामठीला. म्हणजे तुमच्या काकांची पत्रं जुन्या व्यवस्थेतली शेवटची म्हणायची.

तारखांसाठी काही खुणा :

पत्त्यात पिनकोड आहे का बघा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, त्यामुळे पिनकोड असेल तर पत्र त्यानंतरचंच. नसेल तर मात्र काही सिद्ध होत नाही, आपल्याकडे लोक अजूनही लिहीत नाहीत. (पिनकोडची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकरांची, आपलाच माणूस. संस्कृतात नाटकं लिहिणारा गृहस्थ टपाल खात्यात बसून देशाचे आठ-नऊ विभाग पाडतो, ही गोष्ट मी प्रत्येक नवीन पोराला सांगायचो.)

दुसरी खूण जास्त कामाची. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठी सरकारने १५ नोव्हेंबर १९७१ पासून बहुतेक टपालावर पाच पैशांचा जादा कर लावला होता. तो १९७३ च्या मार्चअखेर चालला. सुरुवातीला कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावरच "शरणार्थी सहायता" छापून भागवलं. घरून काकांना गेलेलं एखादं पत्र असेल आणि त्यावर हे जादा तिकीट असेल, तर ते १५ नोव्हेंबरनंतरचं, डोळे मिटून सांगतो.

---

माडाखालची

बापरे, केवढी माहिती! धन्यवाद काका. पण हीच तर अडचण आहे. घरून गेलेली पत्रं नाहीतच. त्यांची आहेत, आमची नाहीत. त्यांनी काय विचारलं ते दिसतं, घरून काय उत्तर गेलं ते त्यांच्या पुढच्या पत्रावरून ताडायचं.

---

रणगाडा_नव्हे_बैलगाडा

घरची पत्रं सापडणारही नाहीत. माझे वडील फौजेत होते, त्यांच्याकडून ऐकलेलं सांगतो. पलटण मोहिमेवर निघायच्या आधी खिशातले कागद, फोटो, पत्रं सगळं मागे ठेवायला किंवा जाळायला सांगतात. माणूस पकडला गेला किंवा पडला तर खिशातल्या पाकिटावरून पलटण कळते. वडिलांनी आईची सगळी पत्रं एका संध्याकाळी लंगराच्या चुलीत घातली. आईने ते ऐकलं तेव्हा दोन दिवस बोलली नाही. पुढे आयुष्यभर भांडणात तो मुद्दा निघायचा, "माझी पत्रं जाळलीत!"

म्हणून सैनिकांच्या घरात नेहमी अर्धाच पत्रव्यवहार असतो. ट्रंक घरी असते ना. पाठीवरच्या पिठ्ठूत काय राहणार?

---

रानमोगरा

वाचतेय. आमच्याकडे आजेसासरे फौजेत. सासूबाई सांगतात की सणाच्या दिवशी तारवाला दारात आला की आधी रडारड सुरू व्हायची. एका दिवाळीत तर आजेसासूबाई फराळाचं ताट टाकून देवघरात जाऊन बसल्या. तार कोणी उघडेना. शेवटी तारवाल्यानेच वाचून दाखवली, दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा! शुभेच्छा तारांची छापील वाक्यं असायची, नुसता क्रमांक लिहून द्यायचा, आणि पहिला क्रमांकच दिवाळीचा होता. आजेसासऱ्यांनी पैसे वाचवून हौसेने एक नंबर पाठवला आणि इकडे घर अर्धमेलं झालं. त्यांना उलट पत्र गेलं की पुन्हा तार केलीस तर याद राख.

---

अपरान्त

माडाखालची, एक स्पष्ट विचारतो, राग मानू नका. ही पत्रं एका माणसाने आपल्या वडिलांना लिहिलेली. काकू हयात आहेत. त्यांना विचारून इथे टाकताय का? "माका काय म्हायत" म्हणून त्या आत गेल्या, यातच उत्तर आहे असं मला वाटतं.

---

घाटावरचा

अहो अपरान्त, पन्नास वर्षं उलटून गेली. आणि कारीट-टोमॅटोत काय खाजगी आहे?

---

अपरान्त

खाजगी काय ते ज्याचं त्याने ठरवायचं. टोमॅटो मला-तुम्हाला गमतीचा वाटतो. त्या माणसाने तो आपल्या बापाला सांगितला होता.

---

माडाखालची

अपरान्त, रास्त प्रश्न आहे. काकूंना विचारूनच टाकलं आहे, नाव-गाव काढून. त्यांची अट एकच, वरच्या वाडीतल्यांबद्दल जे जे लिहिलंय ते गाळायचं. एक ओळ मी आधीच टाकून बसले आहे, पण ती त्यांनी चालवून घेतली. बाकीची याहून तिखट आहेत, ती येणार नाहीत.

---

शिरवळकर_पुणे

आमच्या सातारा भागात तर अशा ट्रंका घरोघर. अपशिंगे गाव माहीत असेल, "अपशिंगे मिलिटरी" असंच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण पडले, तसा स्मृतिस्तंभ आहे तिथे.

माझे पणजोबा बसऱ्याच्या लढाईत होते. आमच्याकडे पहिल्या महायुद्धाला "जर्मनची लढाई" म्हणतात आणि मेसोपोटेमियाला (आजच्या इराकला) नुसतं "बसरा". १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. १९१५ ची दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली, तेव्हा ही फौज टायग्रिसच्या काठी अझिझियाला तळ ठोकून होती. बगदाद आता चार पावलांवर आहे असं वाटत होतं. दोन-अडीच आठवड्यांत टेसिफोनला मार खाल्ला, माघार घेतली आणि डिसेंबरच्या ७ तारखेपासून कूटच्या वेढ्यात सापडले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. जवळजवळ पाच महिने. त्या काळात टपालाचा रस्ता बंद. आत घोडे मारून खाण्याची वेळ आली होती, आणि आपल्यातल्या पुष्कळांनी बराच काळ ते खायला नकार दिला.

म्हणजे ज्या घरात त्या दिवाळीचं पत्र पोचलं, त्या घरात पुढचं वर्ष-दोन वर्षं तेच शेवटचं पत्र. कैदेत गेलेल्यांचं काय झालं ते कळायला आणखी वेळ. आमच्या पणजीने पाच वर्षं कुंकू पुसलं नाही आणि मंगळसूत्रही काढलं नाही, भाऊबंद काहीही म्हणोत. पणजोबा परत आले ते १९१९ नंतर, दाढी वाढलेली, कुत्रं भुंकलं म्हणे अंगावर. पत्र एकही उरलेलं नाही. बसऱ्याहून आलेलं एक पितळी भांडं तेवढं आहे.

---

जुने_कागद

शिरवळकर, फार आतून लिहिलंत.

पहिल्या महायुद्धातली हिंदी सैनिकांची पत्रं मात्र दुसऱ्याच वाटेने वाचली. फ्रान्समध्ये १९१४ च्या शेवटी हिंदी टपालासाठी सेन्सॉर बसवला. प्रमुख होता हॉवेल नावाचा अधिकारी, कचेरी बूलोनला. सगळी पत्रं वाचणं अशक्य, म्हणून निवडक पत्रांचे उतारे इंग्रजीत करून त्याचे अहवाल वर जायचे. ते अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ पत्रं घरोघरी जाऊन मातीला मिळाली आणि पाळत ठेवणाऱ्याने उतरवलेली नक्कल तेवढी राहिली!

शिपायांना हे वाचलं जातं हे पक्कं माहीत होतं. बरेच जण लिहिता न येणारे, कोणाकडून तरी लिहून घ्यायचे. म्हणजे लेखनिक ऐकणार, सेन्सॉर वाचणार, गावात मास्तर किंवा पोस्टमन चारचौघांत मोठ्याने म्हणणार. मग सांकेतिक बोलायचे. हिंदी शिपाई म्हणजे "काळी मिरी", गोरे म्हणजे "तांबडी मिरची". काळी मिरी संपत आली म्हटलं की घरच्यांनी काय ते समजायचं. तुमच्या काकांच्या पोफळी याच जातीच्या. फरक एवढाच की त्यात लबाडी नसावी, कोकणातल्या माणसाला पोफळ दिसली की तो लिहिणारच.

सणाचं म्हणाल तर १९१४ च्या नाताळात ब्रिटिश राजकन्या मेरीच्या नावाने आघाडीवर पितळी डब्या वाटल्या. गोऱ्यांना तंबाखू आणि सिगारेटी. शिखांना खडीसाखर आणि मसाल्याची डबी. इतर हिंदी शिपायांना सिगारेटी, खडीसाखर, मसाला. भिस्त्यांना नुसता मसाला आणि शुभेच्छापत्र. सणाच्या डबीतसुद्धा उतरंड! आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या (लष्करी इंजिनियरांच्या) कंपन्या त्या सुमाराला फ्रान्सच्या आघाडीवर होत्या. ऑक्टोबर १९१४ मध्ये न्यव शापेलला त्यांची अक्षरशः चाळण झाली होती. उरलेल्यांना नाताळाची खडीसाखर.

पत्रं सोडवण्याबद्दल : ओढू नका. वाफ देऊ नका, शाई उतरेल. सुकल्या दिवसात पंख्यापासून लांब, टीपकागदांच्या मध्ये काही दिवस ठेवा. पुष्कळदा आपोआप सुटतात. नाही सुटली तर जाणकाराकडे न्या. सेलोटेप लावायची नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही, मी हात जोडतो. क्रमांक घालायचे तर शिसपेनने, कोपऱ्यात. स्कॅन सहाशे डीपीआयला आणि दोन्ही बाजू, पत्त्याची बाजूसुद्धा.

---

न्यूजर्सीची_सुमा

इथल्या वाचनालयात दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन "व्ही-मेल" पाहिली. ठरावीक फॉर्मवर पत्र लिहायचं, त्याचा मायक्रोफिल्मवर फोटो, फिल्म विमानाने, आणि पोचल्यावर तळहाताएवढी छापील प्रत घरी. सदतीस पोत्यांची पत्रं एका पोत्यात मावायची म्हणे. नाताळासाठी चित्रं काढलेले फॉर्म होते, बर्फातला सांता हेल्मेट घालून वगैरे. आणि समुद्रापार पार्सल पाठवायचं तर १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरमध्येच, म्हणजे तिकडे पानगळ सुरू व्हायच्या आत नाताळाची बांधाबांध. आपल्या आयांनी श्रावणात चकल्या तळून ठेवल्यासारखं!

---

निवृत्त_टपाली

चकल्यांचं नाव काढू नका. फील्ड पोस्टात दिवाळीच्या पिशव्या उघडल्या की भाजणीचा धूर उडायचा. चकली म्हणून निघायची ती पूड म्हणून पोचायची. जवान ती चहात टाकून खायचे. शंकरपाळ्या मात्र टिकतात, कुठल्याही पिशवीत, कितीही उंचीवर. अनारसे पाठवणाऱ्या माउलींना माझा दंडवत. बेसनाच्या लाडवाचं तूप आजूबाजूच्या सगळ्या पत्रांना लागायचं, आणि मग अमक्याच्या बायकोच्या पत्राला तमक्याच्या आईच्या लाडवाचा वास.

आणखी एक. वेळ. फील्डमध्ये दिवाळीचं पत्र देवदिवाळीला मिळालं तर ते वेळेवर मिळालं असं आम्ही धरायचो.

---

घाटावरचा

बरं, जंगी पलटण आणि डिसेंबर १९७१ म्हणजे जमालपूर, आजच्या बांगलादेशातलं. त्या लढाईत एक पत्रव्यवहार झाला होता, सणाचा नव्हे, पण या धाग्यात बसतो. ९५ माउंटन ब्रिगेडने जमालपूरला वेढा घातला होता, आणि पहिली मराठा शहराच्या दक्षिणेला, ढाक्याचा रस्ता अडवून बसली होती. ब्रिगेडियर क्लेर यांनी पाकिस्तानच्या ३१ बलुचच्या कमांडरला शरण येण्याबद्दल पत्र पाठवलं. उत्तर आलं त्यात एक गोळी गुंडाळलेली! मजकूर साधारण असा की तुम्ही लेखणी छान चालवता, पुढच्या भेटीत हातात स्टेनगन दिसू दे. मग रात्री बलुच फौज फुटून बाहेर पडायला निघाली ती थेट मराठ्यांच्या मोर्च्यांवर आली. १० आणि ११ डिसेंबरची रात्र. सकाळपर्यंत तिथे मोठी कत्तल झालेली होती. मराठा पलटणीचे कमांडर लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार.

आणि ११ तारखेला टांगाइलला जी २ पॅरा (छत्रीधारी पलटण) उतरली, तीही मुळातली मराठाच.

काका यातलं काही लिहीत नाहीत?

---

माडाखालची

एक अक्षर नाही. संक्रांतीच्या पत्रात नदी आहे, भात आहे, "माझी तब्येत ठीक आहे, डावा कान थोडा कमी ऐकतो" एवढं आहे. कान शेवटपर्यंत तसाच होता. आम्ही लहानपणी मुद्दाम त्या बाजूने हाक मारायचो.

जमालपूर हे नाव मी आज इथे पहिल्यांदा वाचलं. घरात "ढाक्याची लढाई" एवढंच म्हणायचे.

---

माडाखालची

मंडळी, मास्तर सापडले!!!

निवृत्त_टपाली काकांनी सांगितलं म्हणून मी शरणार्थी तिकीट शोधत बसले होते. काकांच्या पेन्शनच्या कागदांच्या फायलीत, डिस्चार्ज बुकाच्या प्लॅस्टिकच्या आत, एक अंतर्देशीय मिळालं. चार घड्या घातलेलं, घड्यांवर फाटलेलं. पत्ता काकांचा, ५६ एपीओ. आणि वर छापील तिकिटाशेजारी ते पाच पैशांचं "शरणार्थी सहायता"! म्हणजे १५ नोव्हेंबरनंतरचं.

अक्षर सुरेख, शाळामास्तरी. मजकुराची सुरुवात "प्राणप्रिय पतिदेव". पुढे चंद्र आहे, चातक आहे, "आपल्या विरहाग्नीत होरपळणारी ही अबला" आहे, मातृभूमीसाठी लढणाऱ्या वीराची पत्नी असल्याचा अभिमान आहे. सबंध कागद भरला आहे. शेवटी जागा संपली म्हणून कडेने, उभ्या ओळीत, बारीक अक्षरात : "गाय व्याली. पाडी आहे. भात झोडून झाले. गडगा पडला तो अजून तसाच." (गडगा म्हणजे दगडी कुंपण.)

पत्र काकूंसमोर ठेवलं. आधी लाजल्या, मग इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. "मी खंय तसा सांगलंय? ता मास्तरान आपल्या मनान लिवल्यान!"

झालं असं. सासरे बुधवारच्या बाजाराला गेले असताना त्या शाळेत गेल्या आणि मास्तरांना म्हणाल्या, नवऱ्याला पत्र लिहून द्या. सांगायचं होतं ते एवढंच : गाय, भात, गडगा. मास्तर म्हणाले, "अगो, तो लढाईवर आहे, त्याला असलं लिहितात का?" आणि मास्तरांनी चातक उडवला. काकूंना वाचता येत नव्हतं. "वाचून दाखवा" म्हटलं तर मास्तरांनी फक्त कडेची ओळ वाचून दाखवली.

काकांना पत्र लढाईच्या आधी मिळालं की नंतर, काकूंना ठाऊक नाही. त्यांचं उत्तर गेलं ते रीतीप्रमाणे आजोबांच्याच नावाने. आता बायकोने चोरून पत्र पाठवलंय हे बापाला कळू न देता तिला कसं सांगणार की मिळालं? म्हणून ती ओळ. मास्तरांना म्हणावे थोडक्यात लिहा, भात किती खंडी ते राहिलं. आजोबांना वाटलं पोराला लढाईत काहीतरी भ्रम झालाय, मास्तरांचं काय मध्येच! त्यांनी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली म्हणे. आणि काकू चुलीपुढे बसून ऐकत होत्या.

---

रानमोगरा

अगं काय!! मी ऑफिसात बसून एकटीच हसतेय.

---

रणगाडा_नव्हे_बैलगाडा

आणि हे एकच पत्र त्यांनी जाळलं नाही. पिठ्ठूत की खिशात की कुठे, पण आणलं परत. माझ्या आईला सांगतो आता, बघ, लोकांचे नवरे कसे असतात.

---

अपरान्त

हे टाकलंत ते बरं केलंत.

मास्तरांची बाजूही लक्षात घ्या मात्र. गावात लिहिणारा एक माणूस. त्याच्यापुढे लढाईवर गेलेल्या पोराची विशीतली बायको येते आणि म्हणते गडग्याबद्दल लिहा. त्याला वाटलं असणार, पोरगी भिडस्त आहे, मनातलं आपणच लिहावं. त्याला कुठे ठाऊक की गडगा हेच मनातलं होतं.

---

जुने_कागद

हे अंतर्देशीय घड्यांवर फाटलंय म्हणताय, तर पुन्हा घडी घालू नका. सपाट ठेवा, दोन कोऱ्या कागदांमध्ये, आणि वर जाड वही. प्लॅस्टिकमधून बाहेर काढा आधी, कोकणात प्लॅस्टिकच्या आत पाणी सुटतं. ते पाच पैशांचं तिकीट कोणी विकत मागितलं तर देऊ नका, उचकटून तर मुळीच नाही.

खंडी किती झाल्या होत्या, ते काकूंना आठवतं का?

---

माडाखालची

आठवतं ना! साडेतीन. आणि लगेच पुढे म्हणाल्या की वरच्या वाडीतल्यांनी पाट फोडला नसता तर चार झाल्या असत्या. हे गाळायचं होतं, पण त्यांनीच सांगितलं, "ह्या घाल."

त्या मार्चमध्ये काका सुट्टीवर आले, आणि आल्या आल्या पहिल्यांदा गडगा घातला. मास्तरांकडे गेले की नाही ते त्या सांगत नाहीत. पुढच्या वर्षी काकू रात्री शाळेत जाऊन अक्षरं शिकल्या. त्याच मास्तरांकडे. १९७४ पासूनच्या मनिऑर्डरीच्या पोचपावत्यांवर सही त्यांची आहे, आधी अंगठा.

---

काजूबी

उशिरा वाचला धागा. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते, पाचव्या मराठाच्या कुठल्याशा बटालियनमध्ये. सेनियो नदीवर नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला त्याबद्दल ते पुष्कळ बोलायचे, स्वतःबद्दल कमी. त्यांचं एक पत्र आहे, फोटोसारखं छोटं, चकचकीत कागदावर, भिंग लावून वाचावं लागतं. कोपऱ्यात सेन्सॉरचा शिक्का आणि त्यात क्रमांक. न्यूजर्सीच्या सुमाताई म्हणतात तसलंच काही आहे का हे? की कोणी पत्राचा फोटो काढून ठेवलाय?

---

निवृत्त_टपाली

तसलंच, पण ब्रिटिश पद्धतीचं. त्याला एअरग्राफ म्हणत. १९४१ मध्ये सुरू झालं, मग हिंदुस्थानलाही आलं. मूळ फॉर्म फिल्म झाल्यावर नष्ट करत, तेव्हा तुमच्याकडे आहे तीच खरी प्रत. शिक्क्यातला क्रमांक दिसेल असा फोटो टाका. पत्त्याची बाजू झाकून टाका मात्र. तिरप्या उजेडात काढा, त्या कागदावर फ्लॅश मारला की नुसता पांढरा डाग येतो.

---

काजूबी

रविवारी गावी जातेय, तेव्हा काढते. त्याच्या मागे पेन्सिलीने कोणीतरी "शिमग्याला मिळाले" असं लिहिलंय, आणि आत मजकूर मात्र दिवाळीचा आहे.